गुरांच्या पोटातले जंतू आपल्या पोटात कसे येतात?



पावसाळ्याच्या तोंडावर धाडच्या वस्तीत आम्ही आरोग्याचा पाठ घ्यायला बसलो होतो. धाड म्हणजे बुलढाणा तालुक्यातले, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे गाव. विहारात वीस-पंचवीस बाया, चार-दोन म्हातारी माणसे आणि दाराशी गोंधळ घालणारी पोरे. "दूध उकळूनच प्यावे" हे आमचे वाक्य पुरे व्हायच्या आत मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ताई, आमचं सारं आयुष्य धारोष्ण दूध पिण्यात गेलं. गाय तं गवत खाते. तिच्या पोटात रोग कुठून येईन?"

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण प्रश्न खरा होता, आणि त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर तुटक होते. या वेळचे पान त्या आजींच्या प्रश्नासाठी.

गाय गवत खाते हे बरोबर. पण गवत किंवा कडबा पचवायची ताकद गायीत नसते. ते काम तिच्या पोटातले जंतू करतात. गायीच्या, म्हशीच्या, शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला मोठा कप्पा म्हणजे जंतूंनी भरलेली एक कोठीच. ते जंतू कडब्याचे तुकडे फोडतात, आणि त्यातून गायीला अन्न मिळते. म्हणजे जंतू नसते तर दूधही नसते. जंतू म्हटले की रोगच, असे धरून चालू नये. आपल्याही आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यांतले बहुतेक आपल्या कामाचे असतात. ते किती बारीक असतात याचा अंदाज म्हणून सांगतो: पट्टीवरच्या एका मिलिमीटरच्या रेघेत असे पाचशे जंतू एकापुढे एक ओळीने मावतात.

अडचण अशी की या गर्दीत काही जंतू असे असतात, जे गुराला काही करीत नाहीत आणि माणसाला मात्र आडवे करतात. गाय दिसायला धडधाकट, चारा खाते, दूध देते, शेण नीट टाकते. तिच्याकडे पाहून कोणालाच काही कळणार नाही, जनावरांच्या डॉक्टरलाही नाही. "आमची गाय निरोगी आहे" हे खरे असूनही तिच्या शेणात हे जंतू असू शकतात. आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

यातला सगळ्यात नामांकित जंतू ई. कोलाय. १८८५ मध्ये जर्मनीत काम करणाऱ्या थिओडोर एशेरिच या बालरोगतज्ज्ञाने तो लहान मुलांच्या विष्ठेत पाहिला, आणि पुढे त्याच्याच नावावरून जंतूचे नाव पडले. ई. कोलायच्या बहुतेक जाती निरुपद्रवी आहेत. पण १९८२ मध्ये अमेरिकेत कच्चट भाजलेल्या खिम्याच्या वड्या खाऊन लोकांना रक्ताची हगवण लागली, तेव्हा ओ-१५७ नावाची एक जात पहिल्यांदा ओळखली गेली. तिचे घर गुरांचे आतडे, त्यातही अगदी शेवटचा भाग. म्हणून ती शेणाबरोबर सहज बाहेर पडते.

ती माणसाच्या पोटात गेल्यावर काय होते ते नीट समजून घेऊ, कारण उपचारातल्या चुका ते न समजल्यामुळे होतात. या जंतूला फार संख्येने यावे लागत नाही. शंभराहून कमी जंतूही पुरतात, म्हणजे शेण लागलेले बोट तोंडात गेले तरी काम झाले. पोटातल्या आंबट रसात बरेच जंतू मरतात, हा मात्र तग धरतो. आतड्याच्या आतल्या अस्तराला तो चिकटतो आणि तिथे बसून एक विष तयार करतो. त्याला शिगा विष म्हणतात, कारण जपानचे डॉक्टर कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये शोधलेल्या आमांशाच्या जंतूचे विष याच प्रकारचे असते. हे विष रक्तात उतरते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर, विशेषतः मूत्रपिंडातल्या पेशींवर, त्याला धरून ठेवणारी जागा असते. कुलपात किल्ली बसावी तसे ते तिथे बसते आणि पेशी मारते. गायीच्या आतड्यातल्या रक्तवाहिन्यांवर हे कुलूप नसते. म्हणून गाय मजेत असते आणि लेकरू आजारी पडते.

जंतू पोटात गेल्यावर साधारण तीन-चार दिवसांनी पोटात जोराची कळ येते, पाण्यासारखे जुलाब होतात, आणि एक-दोन दिवसांत त्यात रक्त दिसू लागते. ताप बहुधा नसतो किंवा थोडाच असतो. बहुतेकांना आठवड्याभरात बरे वाटते. पण लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांची मूत्रपिंडे बिघडतात, आणि त्यात पाच वर्षांच्या आतली मुले जास्त असतात. जुलाब कमी झाले, लेकरू सुधारले असे वाटत असतानाच त्याची लघवी कमी होते, चेहरा पांढराफटक पडतो, डोळ्यांखाली आणि पायांवर सूज येते. जुलाबानंतर मुलाची लघवी कमी झाली तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आपल्या भागात रक्ताची हगवण झाली म्हणजे ती याच जंतूमुळे झाली, असे नाही. आमांशाचे दुसरे जंतू आपल्याकडे जास्त आढळतात, आणि त्यांना औषध वेगळे लागते. ओ-१५७ मध्ये मात्र चुकीच्या प्रतिजैविकाने अपाय वाढू शकतो. म्हणून शौचात रक्त दिसले तर कोणती गोळी द्यायची, आणि द्यायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानातून "जुलाब बंद करायची गोळी" आणून लेकराला देणे तर सरळ धोक्याचे. जुलाब थांबले की आई निश्चिंत होते, पण विष आतच कोंडले जाते. आम्ही हे इतके लांबवून सांगतो आहोत, कारण वस्तीत आम्ही ज्या ज्या घरात विचारले त्या बहुतेक घरांत अशी गोळी डब्यात निघाली.

आता हे शेणातले जंतू तोंडापर्यंत येतात कसे? वाटा पुष्कळ आहेत. पण सगळ्यात मोठी वाट पाण्याची, आणि त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

कॅनडात वॉकरटन नावाचे एक छोटे गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. मे २००० मध्ये तिथे चार-पाच दिवस मुसळधार पाऊस झाला. गावाला पाणी पुरवणाऱ्या एका उथळ विहिरीजवळ शेत होते, आणि शेतात थोड्याच दिवसांपूर्वी शेणखत टाकलेले होते. पावसाने शेणातले जंतू जमिनीत झिरपत विहिरीत गेले. पाण्यात क्लोरीन घालायची सोय होती, पण जेवढे पाहिजे तेवढे घातले जात नव्हते. रोज क्लोरीन मोजायचे ते मोजले जात नव्हते आणि वहीत मनाने आकडे लिहिले जात होते. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली. सात जण मेले. काही मुलांच्या मूत्रपिंडाचे दुखणे कायमचे राहिले. पुढे न्यायाधीशांच्या चौकशीत निघाले की शेतकऱ्याने काहीच चुकीचे केले नव्हते, खत त्याने नेहमीच्या चांगल्या रीतीनेच टाकले होते. चूक पाणी सांभाळणाऱ्यांची होती.

श्रीमंत देशातल्या, नळाचे पाणी पिणाऱ्या गावात हे झाले. आपल्याकडे हातपंपापासून किती पावलांवर उकिरडा आहे, हे प्रत्येकाने बाहेर जाऊन पाहावे. उकिरडा, शेणाचा खड्डा आणि संडासाचा शोषखड्डा हातपंपापासून किंवा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब हवा, आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला. हातपंपाचा ओटा फुटलेला असेल, सांडलेले पाणी तिथेच डबक्यात साचून परत खाली जात असेल आणि त्याच डबक्यात गुरे पाणी पीत असतील, तर तिथे वॉकरटनची सगळी तयारी आहे असे समजा.

सार्वजनिक विहिरीच्या आणि टाकीच्या पाण्यात टीसीएल पावडर घालण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे. पावडर घातल्यावर निदान अर्धा तास पाणी तसेच ठेवावे लागते, तेव्हा जंतू मरतात. नंतर ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. ही तपासणी दोन मिनिटांची असते आणि ती कोणालाही समोर उभे राहून बघता येते. विशेषतः वस्तीच्या टोकाच्या नळावर बघावे, कारण टाकीजवळ क्लोरीन असते आणि शेवटच्या नळाला पोहोचेपर्यंत ते संपलेले असते. गावाच्या पाण्याला हिरवे, पिवळे की लाल कार्ड मिळाले आहे, हेही विचारावे. विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. गढूळ पाण्यात पावडरचे काम नीट होत नाही, तेव्हा पावसाळ्यात पाणी गाळून, उकळून घेतलेले बरे. सरपण-गॅस परवडत नसेल तर निदान लहान मुलांचे आणि गरोदर बाईचे तरी उकळावे.

पाणी आणि शेण या दोन गोष्टी एकत्र आल्या की आपल्याला महाडची आठवण येणारच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे 'बाटले' म्हणून ते 'शुद्ध' करण्यासाठी दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात बुडवल्या गेल्या. त्या घटनेचा अपमान आपण सगळे जाणतो. आरोग्याच्या पानावर तिची दुसरी बाजू सांगायची राहते. हजारो माणसांनी ओंजळीने पाणी प्याल्यामुळे तळ्यात जेवढे जंतू गेले असतील, त्याच्या कितीतरी पट त्या घागरींतल्या शेणातून गेले असतील. शुद्ध-अशुद्ध कशाला म्हणायचे हे पोथीवरून ठरवले की असे होते.

गोमूत्राचे निघालेच आहे तर तेही बोलू. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी धडधाकट गायी-बैलांचे ताजे मूत्र तपासले. त्यात रोग करू शकणारे १४ तरी प्रकारचे जंतू सापडले, त्यांत ई. कोलायही होता. ही बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. आपल्या घरात कोणी गोमूत्र पीत नसेल, पण "कॅन्सरला चांगले", "साखरेला चांगले" म्हणून बाटल्या विकणारे वस्तीतही येतात आणि आजारी माणूस कशावरही विश्वास ठेवतो. लघवीतून पसरणारा लेप्टोचा जंतू तर पायाच्या भेगेतूनही अंगात शिरतो. पावसात गोठ्याच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांनी ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना गोठ्यात काम करतो असे मुद्दाम सांगावे.

आता दूध. आजींच्या धारोष्ण दुधात शेणाचे जंतू येतात ते कासेवरून. गुरू शेणात बसते, कास माखते, आपण पाण्याचा हात फिरवतो आणि धार काढतो. तेवढ्याने जंतू जात नाहीत. त्याशिवाय काही जंतू दुधात आतूनच येतात. त्यातला पहिला ब्रुसेला. गाय-म्हैस पाच-सहा महिन्यांची गाभण असताना गाभडते, जार अडकते, अशा गोठ्यात हा असण्याची शक्यता मोठी. माणसाला तो झाला की ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजते, कंबर आणि सांधे दुखतात, माणूस महिनोन्‌महिने रोडावत जातो. लक्षणे क्षयासारखी, मलेरियासारखी. म्हणून पुष्कळदा भलत्याच रोगाचे औषध चालू राहते. रक्ताच्या तपासणीने तो कळतो आणि दोन औषधे मिळून निदान सहा आठवडे घेतली तर बरा होतो. पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून औषध सोडले की तो उलटतो.

या जंतूचा शोध माल्टा नावाच्या बेटावर लागला. तिथे इंग्रज शिपाई तापाने मरत होते. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये जंतू दाखवून दिला, पण तो येतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षे गेली. १९०५ मध्ये माल्टाच्याच थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी तो शेळ्यांमध्ये शोधला. त्या शेळ्याही दिसायला ठणठणीत होत्या. दुसऱ्या वर्षी शिपायांचे शेळीचे दूध बंद केले आणि ताप बघता बघता ओसरला. शेळीचे दूध हलके असते, लेकराला कच्चेच द्यावे, असे आपल्याकडे सांगणाऱ्यांनी माल्टा लक्षात ठेवावे.

ब्रुसेला केवळ दुधातून येतो असे मात्र नाही, आणि हे आम्हाला दुधापेक्षा महत्त्वाचे वाटते. गाभडलेल्या जनावराचे वासरू, जार, रक्त, पाणी या सगळ्यात तो खच्चून भरलेला असतो, आणि हाताच्या जखमेतून, डोळ्यांतून, श्वासातूनही आत जातो. गोठा साफ कोण करते? गाभडलेले कोण उचलते? ज्याची गाय त्याने उचलले असे फार कमी वेळा घडते. सालगडी उचलतो, शेणपाणी करणारी बाई उचलते. दूध डेअरीत जाते, पैसे मालकाला मिळतात आणि ताप आपल्या घरात येतो. तेव्हा जे हे काम करतात त्यांनी हातमोजे मागावेत, आणि मालकाने ते द्यावेत. हातमोजे नसतील तर निदान जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालून मनगटाला बांधाव्यात, तोंडाला फडके बांधावे. गाभडलेले खोल पुरावे, कुत्र्यांपुढे टाकू नये. गरोदर बाईने हे काम अजिबात करू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि वगारींना याची लस मोफत टोचतात. आयुष्यात एकदाच लागते. स्वतःची गाय नसली तरी ज्याच्या गोठ्यात आपण राबतो त्याला ही लस टोचून घेतली का, हे विचारायला काय हरकत आहे?

कासेतून येणारा आणखी एक जंतू म्हणजे दगडी झालेल्या कासेतला. कास कडक, गरम, दुधात गाठी किंवा रक्ताची झाक असेल तर ते दूध वासरालाही पाजू नये. या जंतूंपैकी एक जात दुधात विष सोडते, आणि ते विष उकळूनही जात नाही. जंतू मरतो, विष राहते. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. बाकी ई. कोलाय असो, ब्रुसेला असो, सालमोनेला असो की गुरांचा क्षय असो, सगळे एका उकळीत मरतात. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, तेवढ्यातच त्यांचा निकाल लागतो. आपली उकळी तर शंभर अंशांच्या घरात जाते. तेव्हा दूध तासभर आटवत बसायची गरज नाही. ढवळत ढवळत एक चांगली उकळी आली की झाले. मात्र उकळलेल्या दुधात कच्चे दूध मिसळू नये, आणि ज्या भांड्यात कच्चे दूध आणले त्याच न धुतलेल्या भांड्यात ते परत ओतू नये.

दह्याबद्दल एक समजूत अशी की आंबट झाले म्हणजे जंतू मेले. ओ-१५७ आंबटपणाला भीत नाही, हे वर आलेच. उकळलेल्या दुधाला विरजण लावले तर दही-ताक चांगलेच, पण कच्च्या दुधाचे दही हे कच्चे दूधच. १४ एप्रिलला उन्हात हजारो लोकांना ताक-सरबत वाटणाऱ्या मंडळांनी दूध, पाणी आणि बर्फ तिन्ही कुठून येतात ते आधी पाहावे. खाण्याचा बर्फ आणि मासळीवर टाकायचा बर्फ दिसायला सारखाच असतो.

शेण हातावर असताना आपण किती कामे करतो ते मोजले तर थक्क व्हाल. गोवऱ्या थापता थापता लेकरू रडते म्हणून त्याला उचलायचे, पदराने त्याचे नाक पुसायचे. घर सारवणे हा तर जुना वळणाचा स्वच्छपणा आहे. आमच्या आयांनीही सारवले आणि सारवलेली जमीन दिसतेही छान. पण शेणात हे जंतू कित्येक आठवडे जगतात, आणि त्याच जमिनीवर रांगणारे मूल सांडलेला मुरमुरा उचलून तोंडात टाकते. सारवायचेच असेल तर ते वाळेपर्यंत मुलाला तिथे सोडू नये, आणि मूल रांगते तिथे स्वच्छ चटई, सतरंजी टाकावी. हात साबणाने धुवावे, नखांतून. कोथिंबीर, मेथी, काकडी, मुळा कच्चा खायचा असेल तर वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावा. परसातल्या वाफ्यात ताजे शेण घालू नये. चांगले कुजलेले खत घालावे, कारण खत कुजताना आतून जे तापते त्यात बरेचसे जंतू मरतात.

मांसाचे थोडक्यात सांगतो. २०१५ पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. पण हे जंतू म्हशीच्या, शेळीच्या, मेंढीच्या आतड्यातही असतात, तेव्हा नियम तेच. कापताना आतड्यातली घाण मांसाच्या वरच्या भागाला लागते. अख्ख्या तुकड्यात जंतू बाहेरच असतात आणि आच लागताच मरतात. खिमा केला की बाहेरचे आत जाते, म्हणून खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे, लालसर राहता कामा नये. वजडी तर आतड्या-पोटाचीच, ती गरम पाण्याने साफ करून भरपूर शिजवावी. आपला रस्सा तासभर रटरटतो, त्यात काही उरत नाही. घात होतो तो विळीवर. ज्या विळीवर मटण चिरले, तीच नुसत्या पाण्याखाली धरून तिच्यावर कांदा, लिंबू, काकडी चिरली की शिजलेल्या रश्शाबरोबर कच्चे जंतू ताटात. कांदा आधी चिरा, मटण नंतर. इतके सोपे आहे.

मोठ्या भांड्यांची गोष्ट वेगळी आहे. गुरांच्या आतड्यात आणि मातीत असणारा एक जंतू उकळीतही मरत नाही, बीजासारखा कडक कवचात बसून राहतो. लग्नातले किंवा तेराव्यातले मोठे पातेले रात्री शिजवून सकाळपर्यंत झाकून ठेवले की ते मधल्या भागात तासन्‌तास कोमट राहते. त्या कोमटपणात हा जंतू जागा होतो आणि दर दहा मिनिटांनी दुप्पट होतो. तीन तासांत एकाचे अडीच लाखांवर. तांदळात असणाऱ्या दुसऱ्या एका जंतूची रीतही अशीच आहे, म्हणून बुद्धपौर्णिमेची खीर पहाटे शिजवून गरम गरम वाटावी. आदल्या रात्रीच शिजवावी लागली तर उथळ परातींत पसरून लवकर थंड करावी आणि वाटण्याआधी पुन्हा खळखळून उकळावी. सुजातेने दिलेली खीर ताजीच असणार.

एक विषय जरा अवघड आहे, पण टाळणार नाही. महाडच्या त्याच १९२७ च्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे बाबासाहेबांनी आवाहन केले होते. त्यांचा मुद्दा स्वाभिमानाचा होता. आपल्या आजा-पणज्यांनी ते का खाल्ले हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल त्यांना हसण्याचा हक्क कोणाला नाही. भूक होती आणि दुसरे काही हाताला येऊ दिले जात नव्हते. आज ते मागे पडले. पण आजारी पडलेली, मरायला टेकलेली शेळी घाईघाईने कापायची आणि वस्तीत स्वस्तात वाटे घालायचे, हे आजही चालते. कोणाचे पाच-सहा हजार बुडू नयेत म्हणून चालते, हेही आम्ही समजतो. पण त्या शेळीला काय झाले होते हे कोणालाच माहीत नसते. फाशीचा रोग असेल तर? त्यात जनावर अचानक मरते, पोट फुगते, नाकातोंडातून आणि शेणाच्या जागेतून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. असे जनावर कापले की आतल्या जंतूंना हवा लागते आणि ते कवचात शिरतात. ती बीजे साध्या शिजवण्याने मरत नाहीत, आणि मातीत कित्येक वर्षे टिकतात. कापणाऱ्याच्या हातावर न दुखणारी फोड येते आणि तिच्यावर काळी खपली धरते. असे जनावर सोलू नये, चामड्यासाठीही नाही. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय विभागाला कळवावे आणि चुना टाकून खोल पुरावे. ज्याची शेळी मेली त्याला वस्तीने थोडे थोडे पैसे जमवून दिले तर तेही स्वस्तच पडेल.

फ्रिज असलेल्या घरांसाठी एकच गोष्ट. लिस्टेरिया नावाचा गुरांकडून येणारा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. साध्या माणसाला तो फारसे काही करीत नाही, पण गरोदर बाईचे मूल त्याने दगावू शकते. तिला शिळे दूध, पनीर फ्रिजमधून काढून तसेच देऊ नका, गरम करून द्या.

आणि जुलाब झालेच तर पहिले औषध पाणी. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आशाताईंकडे ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या मोफत मिळतात. झिंकची गोळी मुलाला जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायची. अंगावरचे दूध बंद करायचे नाही.

त्या दिवशी पाठ संपल्यावर आजींनी आम्हाला बाहेर नेले. विहारामागच्या हातपंपाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मोजा बरं आता." आम्ही पावले टाकली. उकिरडा सात मीटरवर निघाला, तोही चढाच्या बाजूला. तिथेच चार बायांनी ठरवले की मोठा पाऊस यायच्या आत तो हलवायचा. परवा फोन केला तर आजी म्हणाल्या, अर्धा हलला आहे, उरलेल्या अर्ध्याची जागा कोणाच्या हद्दीत येते यावरून दोन घरांचे बोलणे चालू आहे. पण दूध मात्र त्या आता उकळून घेतात. "नातवासाठी," असे म्हणाल्या, "मला काय होते त्याने!"